रेड नॉर्वो यांचे ६ जून १९४५ चे ध्वनिमुद्रण आणि व्हायब्राफोनवरचा आरंभीचा बीबॉप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही नेमकी कोणती ध्वनिमुद्रणे आहेत?

६ जून १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये व्हायब्राफोनवादक रेड नॉर्वो यांच्या नेतृत्वाखाली ‘कॉमेट’ या छोट्या कंपनीसाठी चार रचना मुद्रित झाल्या: ‘हालेलुया’, ‘गेट हॅपी’, ‘स्लॅम स्लॅम ब्लूज’ आणि ‘काँगो ब्लूज’. तबकड्यांवर कलाकारांचे नाव ‘रेड नॉर्वो अँड हिज सिलेक्टेड सेक्स्टेट’ असे छापलेले होते. सेक्स्टेट म्हणजे सहा जणांचा संच. नॉर्वो धरून एका वेळी वाजवणारे मात्र सात होते, म्हणजे निवडलेले सहा आणि निवडणारा सातवा असा त्याचा हिशेब. पुढच्या काळात हीच ध्वनिमुद्रणे बीबॉप या तेव्हाच्या नव्या जॅझशैलीतले सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्या नावाखाली इतक्या वेळा पुनःप्रकाशित झाली की ती नॉर्वो यांची आहेत हे अनेक रसिकांना वेष्टनाची मागची बाजू वाचल्यावरच कळते. या पानावरची उत्तरे ही सवय थोडी बाजूला ठेवून, ज्याने माणसे निवडली त्याच्या बाजूने लिहिलेली आहेत.

त्या दिवशी कोण कोण वाजवत होते?

व्हायब्राफोनवर नॉर्वो, ट्रम्पेटवर डिझी गिलेस्पी, अल्टो सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर, टेनर सॅक्सोफोनवर फ्लिप फिलिप्स, पियानोवर टेडी विल्सन आणि डबल बेसवर स्लॅम स्ट्यूअर्ट. ड्रमवर पहिल्या दोन रचनांत स्पेक्स पॉवेल आणि नंतरच्या दोन रचनांत जे. सी. हर्ड होते.

या यादीतली वये आणि नोकऱ्या पाहिल्या की संचाचे वेगळेपण ध्यानात येते. नॉर्वो ३७ वर्षांचे होते आणि विल्सन व स्ट्यूअर्ट यांच्याबरोबर त्याच वर्षी क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या सेक्स्टेटमध्ये वाजवत होते, म्हणजे हे तिघेही स्विंग या तेव्हाच्या लोकप्रिय प्रवाहाच्या अगदी मध्यभागी उभे होते. फिलिप्स वुडी हर्मन यांच्या मोठ्या वाद्यवृंदातले गाजलेले टेनरवादक होते. गिलेस्पी २७ वर्षांचे आणि पार्कर तर जेमतेम २४ वर्षांचे होते; हे दोघे त्या सुमारास न्यूयॉर्कच्या ५२ व्या रस्त्यावरील ‘थ्री ड्यूसेस’ या क्लबमध्ये आपले पंचक घेऊन वाजवत होते. नॉर्वो आणि फिलिप्स हे गोरे, बाकीचे कृष्णवर्णीय. नाचघरांच्या मंचावर अशी सरमिसळ अजून सहज घडत नव्हती, पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ती काही वर्षांपासून रुळलेली होती.

रेड नॉर्वो कोण होते?

त्यांचे मूळ नाव केनेथ नॉर्व्हिल. जन्म ३१ मार्च १९०८, इलिनॉय राज्यातील बीअर्डस्टाउन या गावी. लहानपणी त्यांनी आपला पाळीव तट्टू विकून आलेले पैसे पहिल्या मरिम्बाच्या, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या एका वाद्याच्या, किमतीत घातले, असे सांगितले जाते. पुढे नाटक-तमाशाच्या फिरत्या मंचांवर वाजवताना निवेदकाने आडनाव चुकीचे उच्चारले आणि ती चूकच त्यांनी नाव म्हणून ठेवून घेतली.

जॅझमध्ये झायलोफोनला, म्हणजे आपल्याकडच्या काष्ठतरंगाच्या जातीच्या वाद्याला, गंभीर वाद्याचा मान मिळवून देणारे पहिले वादक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तोवर ते वाद्य प्रेक्षकांची करमणूक करणाऱ्या कसरतीपुरतेच होते. नोव्हेंबर १९३३ मध्ये ब्रन्सविक कंपनीसाठी त्यांनी मरिम्बावर ‘डान्स ऑफ द ऑक्टोपस’ ही स्वतःची रचना मुद्रित केली. सोबतीला बास क्लॅरिनेटवर बेनी गुडमन, गिटारवर डिक मॅकडोना आणि बेसवर आर्टी बर्नस्टाइन होते. ड्रम नाहीत, नाचता येईल असा ठेका नाही, आणि स्वरांची वाट अशी की त्या वर्षी ती ऐकायला कुणी तयार असेल अशी शक्यताच नव्हती. कंपनीचे जॅक कॅप यांनी ती ऐकून संतापाने करारच फाडला, अशी कथा सांगतात. कथेतला मीठमसाला वगळला तरी एवढे खरे की १९४५ साली नव्या संगीताला हात घालणारे नॉर्वो हे एका रात्रीत धाडसी झालेले नव्हते.

गायिका मिल्ड्रेड बेली या त्यांच्या पत्नी होत्या आणि त्या काळात या जोडप्याला ‘मिस्टर अँड मिसेस स्विंग’ म्हणत. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी झायलोफोन सोडून व्हायब्राफोन घेतला. ६ एप्रिल १९९९ रोजी कॅलिफोर्नियात सँटा मोनिका येथे त्यांचे निधन झाले.

व्हायब्राफोन म्हणजे काय, आणि जलतरंग किंवा काष्ठतरंग ऐकलेल्याला तो कसा समजावून घेता येईल?

पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमाने मांडलेल्या धातूच्या पट्ट्या, त्यांच्यावर सूत किंवा लोकर गुंडाळलेल्या काठ्यांनी आघात, आणि प्रत्येक पट्टीखाली नाद वाढवणारी एक उभी नळी: असे हे वाद्य आहे. नेहमीच्या वाद्यात तीन सप्तकांच्या ३७ पट्ट्या असतात. लीडी कंपनीने १९२० च्या दशकाच्या आरंभी ते बाजारात आणले आणि डीगन कंपनीने १९२७ मध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्या व पायाने चालवायचा, स्वर रोखणारा दमक जोडून त्याला आजचे रूप दिले.

जलतरंगात वाडग्यावर काठी पडली की स्वर उमटतो आणि लगेच विरतो. व्हायब्राफोनचा स्वर मात्र पायाखालचा दांडा दाबलेला असेल तोवर कितीतरी वेळ रेंगाळतो. शिवाय नळ्यांच्या तोंडाशी गोल चकत्या बसवलेल्या असतात आणि एक छोटी मोटर त्या चकत्या फिरवते. नळीचे तोंड उघडझाप झाल्यामुळे स्वराची तीव्रता लाटेसारखी वरखाली होते. वाद्याच्या नावातले ‘कंपन’ ते हेच. मोटर किती वेगाने फिरवायची, की मुळीच फिरवायची नाही, यावरून वादकाची ओळख पटते: लायनेल हॅम्पटन ती वेगाने फिरवत, मिल्ट जॅक्सन अगदी संथ ठेवत, आणि नॉर्वो सहसा बंदच ठेवत.

बीबॉप वाजवायला हे वाद्य अवघड का मानले जाई?

बीबॉपमध्ये स्वरांची गर्दी असते. लय द्रुत, मूळ गाण्याच्या स्वरसंगतीत वादकाने आयत्या वेळी घातलेल्या नव्या पायऱ्या, आणि वाक्य कुठे सुरू होईल व कुठे थांबेल याचा श्रोत्याला अंदाज लागू न देणारी आघातांची रचना, ही त्याची काही लक्षणे. ड्रमवादकानेही ठेक्याचा मुख्य भार पायाखालच्या मोठ्या ढोलावरून काढून झांजेवर नेला होता. केनी क्लार्क यांचे नाव या बदलाशी जोडले जाते. अशा वादनात प्रत्येक स्वराची कड स्पष्ट ऐकू आली पाहिजे. रेंगाळणारा स्वर इथे शत्रू ठरतो, कारण पुढचे चार स्वर येईपर्यंत आधीचा विरलेला नसतो आणि सगळ्यांचा मिळून धातूचा एक ढग तयार होतो. दुसरी अडचण श्वासाची. सॅक्सोफोनवादक फुंकीने एखादा स्वर गिळू शकतो, अर्धवट दाबू शकतो, मोडू शकतो. काठीने वाजवणाऱ्याजवळ आघाताचे वजन आणि पायाखालचा दांडा एवढीच साधने असतात.

नॉर्वो यांचा झायलोफोनचा हात इथे कामाला आला. लाकडी पट्टीचा स्वर मुळातच कोरडा आणि तोकडा असतो, त्यामुळे स्वर टिकवण्याची नव्हे तर मोजून मांडण्याची सवय त्यांच्या मनगटात पंधरा-वीस वर्षे मुरलेली होती. मोटर बंद ठेवल्यामुळे व्हायब्राफोनवरही त्यांचा स्वर सरळ, थोडासा काचेसारखा लागतो. नव्या संगीताची भाषा त्यांनी पूर्ण आत्मसात केली नव्हती, परंतु तिचे उच्चार त्यांना आधीपासून जमत होते, असे मला वाटते.

पार्कर आणि गिलेस्पी यांना बोलावण्यात विशेष काय होते? ते तर तेव्हा प्रसिद्धच होते ना?

आज त्यांची नावे घेताना आपण जो आदर वापरतो तो त्या उन्हाळ्यात फार थोड्यांकडे होता. अमेरिकी संगीतकार संघटनेने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता. डेक्का कंपनीने १९४३ मध्ये संघटनेशी तडजोड केली, पण व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन बड्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या. नवे संगीत नेमके याच काळात हार्लेमच्या क्लबांत आणि ५२ व्या रस्त्यावर घडत होते, म्हणून न्यूयॉर्कबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत ते तबकडीच्या रूपाने जवळजवळ पोहोचलेच नाही. पार्कर आणि गिलेस्पी यांनी ‘गिल्ड’ कंपनीसाठी २८ फेब्रुवारी आणि ११ मे १९४५ रोजी केलेली ध्वनिमुद्रणे ही त्यांची पहिली मोठी नोंद, आणि नॉर्वो यांचे सत्र त्यानंतर महिन्याच्या आतच झाले.

स्विंगवाल्या जुन्या पिढीला हे संगीत उद्धट वाटे. नॉर्वो यांनी पुढे मुलाखतींत सांगितले की त्यांच्या पिढीतल्या वादकांमध्ये ही दोन नावे जवळजवळ शिवीसारखी उच्चारली जात. कंपनीने त्यांना हवी ती माणसे निवडण्याची मोकळीक दिली होती. ओळखीच्या, बिनधोक वादकांना घेऊन चार रचना उरकणे त्यांना सहज शक्य होते. ते त्यांनी केले नाही, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन सगळा संचही नव्या पंथाचा ठेवला नाही. विल्सन आणि स्ट्यूअर्ट यांना त्यांनी जागेवरून हलवले नाही. या निवडीतच सत्राचे मोल आहे असे माझे मत आहे.

या चार रचनांमध्ये ऐकण्यासारखे काय आहे?

‘हालेलुया’ हे व्हिन्सेंट यूमन्स यांचे आणि ‘गेट हॅपी’ हे हॅरल्ड आर्लेन यांचे गाणे. दोन्ही रंगभूमीवरून आलेली आणि दोन्ही ३२ मापांच्या (एक माप म्हणजे चार मात्रा) आवर्तनाची. ओळखीच्या गाण्याची चौकट राखून तिच्यात स्वतःचे काही बांधत जायचे, ही जॅझची जुनीच रीत. या दोन तबकड्यांवर ती रीत दोन पिढ्या आळीपाळीने कशी पाळतात हे समोरासमोर ठेवलेले दिसते. टेडी विल्सन यांचे वाक्य इस्त्री केलेल्या कपड्यासारखे असते: कड सरळ, घडी जागच्या जागी. त्याच चौकटीत पार्कर आले की वाक्ये आवर्तनाच्या रेषा ओलांडून जाऊ लागतात, पण समेचा हिशेब एकदाही चुकत नाही.

‘स्लॅम स्लॅम ब्लूज’ हा विलंबित ब्लूज आहे. ब्लूजचे आवर्तन १२ मापांचे, आपल्या भाषेत ४८ मात्रांचे. स्लॅम स्ट्यूअर्ट बेस गजाने वाजवतात आणि तीच सुरावट एक सप्तक वर स्वतः गुणगुणत जातात. हा त्यांचा खास ढंग होता आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू आल्याशिवाय राहत नाही. हसू ओसरते न ओसरते तोच पार्कर येतात. लय संथच राहते, खाली पियानो आणि ड्रम शांतपणे मात्रा मोजत असतात, आणि वर अल्टो सॅक्सोफोन त्याच मात्रांचे दुपटीने, कधी चौपटीने तुकडे पाडत जातो. ख्याल ऐकणाऱ्याला विलंबितातल्या बोलतानांची आठवण होईल, पण साम्य एवढ्यापुरतेच, कारण पार्कर यांच्या वेगवान जागांमध्येही मिसिसिपीकडच्या ब्लूज गायकाची आर्त हाक ऐकू येते. संथ ब्लूजवरचे पार्कर यांचे सुरुवातीच्या काळातले सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर माझे बोट याच तबकडीकडे जाईल.

‘काँगो ब्लूज’ त्याच १२ मापांचा, पण अतिद्रुत. लॅटिन ढंगाच्या ठेक्याचा छोटा उपोद्घात, आणि तो संपताच गिलेस्पी. त्यांच्या पाठोपाठ पार्कर. या दोन एकल वादनांमध्ये नव्या संगीताचा जवळजवळ सगळा जाहीरनामा आला आहे. हर्ड यांचे ड्रम इथे स्विंगचेच आहेत, तरी ते या दोघांच्या मार्गात येत नाहीत. पुढे २२ फेब्रुवारी १९४६ रोजी गिलेस्पी यांनी व्हिक्टर कंपनीसाठी ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ मुद्रित केले तेव्हा ड्रमवर हर्डच होते, हे इथे नमूद करावेसे वाटते.

या रचना चार मिनिटांच्या आसपास कशा? त्या काळच्या तबकड्या तर तीन मिनिटांच्या असत.

नेहमीची तबकडी १० इंचांची असे आणि तिच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावत. कॉमेटने या सत्रासाठी १२ इंचांच्या तबकड्या वापरल्या, त्यामुळे एकेका बाजूला साधारण मिनिटभर अधिक मिळाले. मिनिट ऐकायला थोडे वाटते. सात वादकांच्या संचात मात्र त्याचा अर्थ दोन-तीन जणांना पूर्ण आवर्तन मिळते की नाही असा होतो.

एकाच रचनेचे इतके टेक, म्हणजे मुद्रणाचे वेगवेगळे प्रयत्न, कसे उपलब्ध आहेत?

‘हालेलुया’चे तीन, ‘गेट हॅपी’चे दोन, ‘स्लॅम स्लॅम ब्लूज’चे दोन आणि ‘काँगो ब्लूज’चे पाच टेक जपले गेले आहेत, त्या पाचांतले दोन मध्येच थांबलेले आहेत. कॉमेटने प्रत्येक रचनेचा एकच टेक प्रसिद्ध केला होता. नंतर कॅलिफोर्नियातल्या ‘डायल’ कंपनीचे रॉस रसेल यांनी या मुद्रणांचे हक्क घेतले आणि न वापरलेले टेकही बाजारात आणले. पार्कर यांचे प्रत्येक टेकमधले वादन वेगळे असते हे रसेल यांना पक्के ठाऊक होते. त्यांचा पार्करप्रेमी दृष्टिकोन आपल्याला उपकारक ठरला, मात्र नेतृत्व करणाऱ्याचे नाव मागे पडण्याची सुरुवातही तिथूनच झाली.

हे पहिले बीबॉप ध्वनिमुद्रण म्हणता येईल का?

नाही. गिल्डची दोन सत्रे याच्या आधीची आहेत, आणि त्याहूनही आधी फेब्रुवारी १९४४ मध्ये टेनरवादक कोलमन हॉकिन्स यांनी गिलेस्पी यांना घेऊन ‘अपोलो’ कंपनीसाठी ‘वुडी’न यू’ मुद्रित केले होते. गंमत अशी की आणखी मागे गेल्यास पुन्हा एक व्हायब्राफोनवादकच भेटतो: ११ सप्टेंबर १९३९ रोजी लायनेल हॅम्पटन यांच्या सत्रात ‘हॉट मॅलेट्स’ या रचनेत तरुण गिलेस्पी वाजवतात आणि त्यांच्या त्या वादनात पुढच्या गोष्टींची चाहूल लागते. त्याला बीबॉप म्हणणे मात्र धाडसाचे होईल.

स्वतः नॉर्वो या तबकड्यांवर बीबॉप वाजवतात का?

काटेकोर उत्तर द्यायचे तर वाजवत नाहीत. त्यांची वाक्यरचना स्विंगची आहे. परंतु ती जड होत नाही, आणि पार्कर यांच्या नंतर वाजवूनही ते केविलवाणे वाटत नाहीत, ही त्या वर्षी थोडी गोष्ट नव्हती. तीनच दिवसांनी, ९ जून रोजी, नॉर्वो, फिलिप्स, विल्सन आणि स्ट्यूअर्ट न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये टिम रोझेनक्रांट्झ यांनी भरवलेल्या मैफलीत वाजवताना मुद्रित झाले आहेत. तिथे पार्कर आणि गिलेस्पी नाहीत. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकली की सोबतीमुळे माणसाचे वादन किती बदलते हे कळते.

नॉर्वो यांची वाटचाल तिथे थांबली नाही. १९४६ मध्ये ते वुडी हर्मन यांच्या वाद्यवृंदात होते. १९४७ मध्ये कॅपिटॉल कंपनीसाठी केलेल्या सत्रात टेनरवर डेक्सटर गॉर्डन होते आणि एका रचनेचे नावच ‘बॉप!’ होते. १९५० च्या सुमारास गिटारवादक टाल फार्लो आणि बेसवादक चार्ल्स मिंगस यांच्यासह त्यांचे ड्रमविना त्रिकूट जमले. अतिद्रुत लयीत कुजबुजल्यासारखे वाजवणारे ते त्रिकूट ही माझ्या मते नॉर्वो यांची सर्वोत्तम कामगिरी.

मग व्हायब्राफोनवर बीबॉप पूर्णपणे आणला तो कोणी?

मिल्ट जॅक्सन यांनी. जन्म १ जानेवारी १९२३, डेट्रॉइट. गिलेस्पी यांनी त्यांना तिथेच ऐकले आणि १९४५ च्या डिसेंबरात पार्कर यांच्यासह हॉलिवूडच्या ‘बिली बर्ग्ज’ क्लबमध्ये गेलेल्या संचात घेतले. वर उल्लेखलेल्या फेब्रुवारी १९४६ च्या व्हिक्टर सत्रातही ते आहेत. मोटर संथ ठेवल्यामुळे त्यांच्या दीर्घ स्वरात माणसाच्या गळ्याचा हलका कंप येतो, आणि द्रुत जागी स्वर सुटे राहतात. वाद्याची जुनी अडचण त्यांनी अशी सोडवली.

२ जुलै १९४८ चे ब्लू नोट कंपनीचे गाजलेले सत्र जॅक्सन यांच्या नावावर मोडते की पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या, असे बरेच जण विचारतात. सत्र मंक यांचे आहे. ‘मिस्टिरिओसो’ आणि ‘एव्हिडन्स’ या रचना त्यातल्याच. जॅक्सन यांच्या पुढच्या तबकडीत त्यातले काही भाग समाविष्ट झाल्यामुळे गोंधळ होतो. जॅक्सन यांनी नेता म्हणून १९५१ मध्ये गिलेस्पी यांच्याच ‘डी जी’ कंपनीसाठी चौकडी मुद्रित केली, आणि ७ एप्रिल १९५२ रोजी ब्लू नोटसाठी लू डोनल्डसन, जॉन लुइस, पर्सी हीथ व केनी क्लार्क यांच्यासह ‘बॅग्ज ग्रूव्ह’ वाजवले. यातले डोनल्डसन वगळता उरलेले चौघे म्हणजे मॉडर्न जॅझ क्वार्टेट.

या वाद्याच्या इतर वादकांपैकी कोणाला ऐकावे?

ब्रुकलिनचे टेरी गिब्ज यांनी मार्च १९४९ मध्ये ‘न्यू जॅझ’ कंपनीसाठी स्टॅन गेट्झ आणि शॉर्टी रॉजर्स यांना घेऊन नेतृत्व केले. वेग आणि उत्साह ऐकायचा तर ते. मार्जी हायम्स यांचे नाव याद्यांतून नेहमी गळते. वुडी हर्मन यांच्या वाद्यवृंदात नॉर्वो यांच्या आधी व्हायब्राफोनवर त्याच होत्या, आणि १९४९ मध्ये जॉर्ज शिअरिंग यांच्या पंचकाचा जो नाद जगभर लोकप्रिय झाला त्यातला धातूचा धागा त्यांचा होता. त्या वाद्यवृंदांबद्दल लिहिताना त्यांचा उल्लेख अर्ध्या ओळीत संपवण्याची रीत आता मोडायला हरकत नसावी.

नवख्या श्रोत्याने ही ध्वनिमुद्रणे कोणत्या क्रमाने ऐकावीत?

‘स्लॅम स्लॅम ब्लूज’ने सुरुवात करावी, कारण लय संथ असल्यामुळे कोण कुठे आले हे ओळखता येते. मग ‘गेट हॅपी’ आणि ‘हालेलुया’, आणि मधल्या भागात पियानोकडे मुद्दाम लक्ष द्यावे. ‘काँगो ब्लूज’ शेवटी ठेवावा आणि त्याचे पाचही टेक मुद्रणाच्या क्रमाने ऐकावेत, मध्येच तुटलेले दोन टेकही न वगळता. एका प्रयत्नाला सगळे थांबतात, क्षणभर खोलीतली शांतता उरते, आणि पुन्हा त्याच जीवघेण्या लयीत उपोद्घात सुरू होतो. शेवटी प्रसिद्ध झालेला टेक त्यानंतर ऐकावा.